चहातला च, चमच्यातला च

लोणचं आणि विद्वान, या दोन्ही वस्तू अमेरिकेत आणायच्या तर कागद लागतात. लोणच्याचं कस्टमवाले बघत. विद्वानांचं मी बघायचो.

इलिनॉयमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या तळघरात आमचं ऑफिस होतं. परदेशातून जे प्रोफेसर, संशोधक पाहुणे म्हणून यायचे त्यांचे कागद करायचे, ते इथे असेपर्यंत कायद्यात बसवून ठेवायचे आणि मुदत संपली की हसतमुखानं परत पाठवायचे, हे आमचं काम. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या गणपतीत कुणी विचारलं, "तुम्ही युनिव्हर्सिटीत? म्हणजे प्रोफेसर?" की मी म्हणायचो, "नाही हो, प्रोफेसरांचा तलाठी." आणि ते खरंच होतं. माझ्या दप्तरात ज्याची नोंद नाही तो माणूस त्या गावात नव्हताच.

धंद्याची मेख सांगतो. पाहुणा आला की त्याच्या नावाचं एक कार्ड बनायचं, पोस्टकार्डाएवढं. ते मी टाइप करायचो. मग त्या कार्डावरून लायब्ररीचं ओळखपत्र, दारावरची पाटी, टपालाचा खण, व्याख्यानाचं पोस्टर, सगळं निघायचं. कुणीही मूळ पासपोर्ट पुन्हा बघायचं नाही. कार्डावर मी लिहीन ते त्या माणसाचं नाव. इतका अधिकार आमच्याकडे बारशाला आत्यालासुद्धा नसतो.

हा अधिकार मी कसा वापरला त्याचा एक नमुना. मिलिंद नावाचा नागपूरचा एक बौद्ध मुलगा मृदाशास्त्राच्या संशोधनाला आला. जात दाखवणारं आडनाव त्यानं कॉलेजातच टाकून दिलं होतं. पासपोर्टवर नुसतं मिलिंद. कार्डावर आडनावाचा रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. मी हुशारीनं तिथे 'नन' टाइप केलं, म्हणजे काही नाही. आठवड्याभरात त्याला युनिव्हर्सिटीची सगळी पत्रं 'डिअर मिस्टर नन' म्हणून जायला लागली. मी माफी मागायला गेलो तर तो म्हणाला, "राहू द्या सर. हे आडनाव ऐकून तरी कुणी जात विचारणार नाही." आम्ही दोघं हसलो. त्याचं हसणं माझ्याआधी थांबलं.

माणसाच्या नावाशी खेळू नये एवढं तेव्हाच शिकायला हवं होतं. शिकलो नाही. म्हणून तर हा लेख.

प्रोफेसर ग्रांचिच आले ते ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका जानेवारीत. तेव्हा युगोस्लाव्हिया नावाचा देश अजून नकाशावर होता आणि प्रोफेसर त्यातल्या क्रोएशियाचे. साठीच्या आसपासचे, उंच, हाडं मोठी. अंगावर एकच करडा कोट, पण त्याला इस्त्री अशी की पट्टीनं रेघ मारावी. ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले, माझ्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, मिस्टर चौधरी."

मी खुर्चीतून उठलोच. या देशात मला 'चाउडर' म्हणत. चाउडर म्हणजे शिंपल्यांचं सूप. बारा वर्षं मी सूप होतो. आणि हा गृहस्थ 'चौधरी' म्हणाला ते आपल्या चमच्यातला च लावून, जसं माझी आई म्हणायची तसं!

"तुम्हाला कसं जमलं?" मी विचारलं.

"तुमच्या एका भारतीय विद्यार्थ्यानं वरती जिन्यात सांगितलं, खाली मिस्टर चौधरींना भेटा. मी तो जसा म्हणाला तसं म्हणालो. हा आवाज आमच्याकडे आहे. पण त्याला आमच्याकडे स्वतंत्र अक्षर आहे. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे चहाचा च आणि चमच्याचा च, दोन्ही एकाच अक्षरात. ज्याला कळायचं त्याला कळतं."

ते इतके खूश झाले की त्यांनी खिशातून कागद काढून ते टिपून घेतलं. इतिहासकार होते. कागदावर उतरलं नाही ते घडलं नाही, असा त्यांचा धर्म.

त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, बरंचसं आमच्या जेवणाच्या टेबलावर. समुद्रातल्या एका बेटावर जन्म. बाप पाथरवट. महायुद्धात पोरवयात डोंगरात निरोप पोचवायचं काम केलं, नंतर शिकले आणि किनाऱ्यावरच्या एका जुन्या गावाच्या लेखनिकांवर त्यांनी जन्म घालवला. म्हणजे मध्ययुगात खरेदीखतं, मृत्युपत्रं, करारमदार लिहून देणारे जे कारकून असत त्यांच्यावर. एकच माणूस लॅटिन कागदात एका नावानं, इटालियन कागदात दुसऱ्या, घरच्या भाषेत तिसऱ्या. तो एकच आहे हे ओळखणं हे त्यांचं कसब. पुढे ते डीन झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुठल्याशा निवेदनावर सही केली, सरकारची मर्जी फिरली, आणि डीनपद गेलं, वर्गही गेला. दहा वर्षं त्यांना शिकवायला बंदी. "मला दफ्तरखान्यात बसायची परवानगी होती," ते म्हणायचे, "तळघरात. तुमच्यासारखी."

आता तिकडे वारं फिरलं होतं. सहकाऱ्यांनी त्यांचं नाव रेक्टरपदासाठी पुढे केलं होतं. रेक्टर म्हणजे आपला कुलगुरू. पण आमच्या गावात रेक्टर म्हणजे चर्चचा पाद्री, त्यामुळे त्यांच्या घरमालकिणीनं पहिल्याच आठवड्यात नातवाच्या बाप्तिस्म्याची तारीख मागितली.

तर, कार्ड. त्यांच्या आडनावात इंग्रजी सी दोनदा येतो. पहिल्या सीच्या डोक्यावर उलटी गांधी टोपी, दुसऱ्याच्या डोक्यावर एक तिरकी काडी. दोन्हींचा उच्चार चहातल्या च-सारखा; त्यांच्या मते फरक आहे, माझ्या कानाला तो आजवर सापडलेला नाही. आमच्या टाइपरायटरवर ना टोपी ना काडी. नियम असा की खुणा गाळून नुसती अक्षरं टाइप करायची. पण तसं केलं की अमेरिकन माणूस वाचणार 'ग्रॅन्सिक'. सिक! बारा वर्षं सूप झालेल्या माणसाचा जीव कळवळला. मी दोन्ही सी-पुढे एकेक एच ठोकून दिला. आता कुणीही वाचो, 'ग्रांचिच'च म्हणणार. आपल्याकडे तेच करतात ना? नाव म्हणजे आवाज. इंग्रजी स्पेलिंग म्हणजे काय, ज्याची जशी सोय. माझंच आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेनं, पासपोर्टवर दुसऱ्या, ग्रीन कार्डावर तिसऱ्या तऱ्हेनं आहे आणि तिन्हींचा मालक मीच.

दारावर पाटी लागली तेव्हा प्रोफेसर तिच्यासमोर बराच वेळ उभे होते.

"हे गृहस्थ कोण?"

"तुम्हीच," मी ऐटीत म्हणालो. "आता सगळे नीट हाक मारतील. नको असेल तर बदलतो."

त्यांनी एका एच-वरून बोट फिरवलं. "असू द्या. सहा महिने हा माणूस होऊन बघतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये त्यांचं जाहीर व्याख्यान ठरलं, पोस्टरं लागली. शिकागोत त्यांच्या देशातून पूर्वी येऊन स्थायिक झालेल्या लोकांचं एक छोटं साप्ताहिक निघायचं. त्यात चार ओळींची बातमी आली, पोस्टरवरच्याच स्पेलिंगनं. एका मंगळवारी सकाळी प्रोफेसर तळघरात उतरले. कोट तोच, पण वरचं बटण चुकीच्या काजात.

"मिस्टर चौधरी, माझ्या नावाला एच कुणी लावला असं विचारलं तर तुम्ही काय सांगाल?"

"मी लावला म्हणून सांगेन. का?"

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा देश सोडून अमेरिकेत जे कायमचे आले ते आपली आडनावं असंच एच लावून लिहीत, इथल्या लोकांना उच्चारता यावीत म्हणून. म्हणजे मायदेशी तो एच दिसला की अर्थ एकच: हा गेला, हा परत येत नाही. त्यातून सरकारला अशा लोकांचा भयंकर संशय. कुणीतरी त्या बातमीचं कात्रण तिकडे पोचवलं होतं. निवड समितीतल्या त्यांच्या विरोधकानं ते टेबलावर ठेवून विचारलं होतं, ज्यानं नाव बदललं त्याला आपण रेक्टर करणार? त्यावर शुक्रवारी दुपारी तीनला समितीची बैठक होती.

"आणि समितीनं तसंच धरलं तर?"

"तर रेक्टर दुसरा कोणी. ते चालेल. पण मग मी परत जाईन तेव्हा तो संशय माझ्याआधी पोचलेला असेल. पुन्हा वर्ग नाही. पुन्हा तळघर. या वयात दहा वर्षं मोजता येत नाहीत, मिस्टर चौधरी."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. मला ते हसणं रडण्याहून वाईट वाटलं. "तीस वर्षं! तीस वर्षं मी तुमच्यासारख्या कारकुनांच्या चुका निस्तरल्या. सगळे मेलेले होते. जिवंत पहिला तुम्ही."

आमच्या ऑफिसप्रमुख मिसेस हॉल्ट. सोनेरी साखळीचा चष्मा, मनानं लोण्यासारख्या, नियमात दगड. त्या म्हणाल्या, "टायपिंग एरर म्हणून कळवून टाक."

"मॅडम, एक एच चुकून पडतो. दोन पडत नाहीत."

त्यांनी कार्ड उजेडात धरलं. "मग काय लिहिणार? की तू युनिव्हर्सिटीचा नियम मुद्दाम मोडलास? फाइलला राहील ते."

घरी आलो तर बायको भाजी चिरत होती. सगळं ऐकलं आणि सुरी खाली ठेवली.

"अहो, तुम्हाला कुणी शहाणपणा करायला सांगितला होता? नियम होता ना? रूल फॉलो करायचा, विषय संपला."

"लोक त्यांना सिक म्हणाले असते गं."

"म्हणू देत. ते त्यांनी फेस केलं असतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून माझं नाव बदललंत, तेव्हा मला विचारलं होतंत? तिथेच तुमची सवय बिघडली."

वीस वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलत होती. ती मूळची शकुंतला. माझ्या आईनं सुचवलं म्हणून मी 'नीता' लिहिलं होतं, सुटसुटीत म्हणून. ती म्हणाली, "माझं राहू द्या आता. त्या चिंचकाकांचं बघा." आमच्या घरात प्रोफेसरांना चिंचकाका म्हणत.

बुधवारी टेलेक्सनं माझं पत्र गेलं. त्यात मी सगळा दोष घेतला: मी भारतीय आहे, माझ्या लिपीतून इंग्रजीत येताना आम्ही आवाज लिहितो, अक्षर नाही, कार्डापासून दारावरच्या पाटीपर्यंत हे मी अज्ञानानं केलं. गुरुवारी दोन ओळींचं उत्तर आलं. 'समिती शुक्रवारी दूरध्वनी करील. सदर कारकुनास हजर ठेवावे.'

त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आमचे सकाळचे आठ. मिसेस हॉल्टच्या खोलीत फोनला जोडलेला एक स्पीकर होता, सगळ्यांना ऐकू येईल असा. त्या टेबलामागे, मी टेबलापुढे, प्रोफेसर खिडकीशी उभे. मी टाय बांधला होता, जणू ते मला बघणार होते. आठ वाजून गेले. आठ-दहा. मिसेस हॉल्टनी पेन्सिलींना टोक करायला घेतलं. चौथ्या पेन्सिलीला फोन वाजला.

खरखरीतून एक म्हातारा, सभ्य आवाज आला. अध्यक्ष. त्यांनी माझं नाव, हुद्दा, किती वर्षं नोकरी, सगळं विचारून घेतलं. मग दुसरा आवाज आला, बाईचा. त्या तिकडच्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या.

"तुम्ही लिहिता की तुमच्या भाषेत एका अक्षराचे दोन उच्चार आहेत. म्हणून दाखवा."

"काय म्हणू?"

"काहीही. दोन शब्द."

माझ्या डोक्यात मराठी भाषेतले सगळे शब्द संपले. समोर मिसेस हॉल्टचा कप होता, त्यात चमचा. मी ओरडलो, "चहा! चमचा!"

तिकडून बाईंचा आवाज आला:

"पुन्हा."

"चहा. चमचा."

मग तिकडे एकाएकी कुजबुज वाढली आणि कुणीतरी हसलं. नंतर कळलं, त्यांच्याकडेही चहाला 'चाय' म्हणतात आणि त्याच्या पहिल्या अक्षरावर तीच टोपी असते. "आणि हे दोन्ही एकच अक्षर?" बाईंनी विचारलं. "एकच," मी म्हणालो. "देवाशप्पथ." त्या आपल्या लोकांशी भराभर काही बोलल्या. प्रोफेसरांच्या खांद्यातला ताठा किंचित उतरला, म्हणून मला कळलं की बरं चाललंय.

तेवढ्यात तिसरा आवाज आला, कोरडा, इंग्रजी उत्तम. तोच विरोधक हे कुणी सांगायला नको होतं.

"मिस्टर चौधरी, म्हणजे ही चूक नव्हती. तुम्ही विचार करून हे केलंत."

"हो. पण चांगल्या हेतूनं."

"प्रोफेसरांनी सांगितलं म्हणून?"

"नाही! त्यांना माहीतही नव्हतं."

"दारावर पाटी होती ना? तीन महिने. ते रोज त्या दारातून आत जात होते. इतिहासकार आहेत, अक्षरं वाचतात. त्यांनी पाटी पाहिली तेव्हा काय म्हणाले?"

असा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अख्खी रात्र मी चहा-चमच्याचा अभ्यास केला होता. मी प्रोफेसरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बाहेर पार्किंग लॉटकडे बघत होते. मिसेस हॉल्टची पेन्सिल हवेत थांबली होती. स्पीकरमधून नुसती खरखर, आणि त्या खरखरीत सात-आठ माणसं माझ्या श्वासाची वाट बघताहेत.

"ते रागावले," मी म्हणालो. "पहिल्याच दिवशी. म्हणाले, हे माझं नाव नाही, ताबडतोब बदला."

"आणि तुम्ही?"

"मी हो म्हणालो. आणि विसरलो. नंतरही दोनदा त्यांनी आठवण केली. मी आळशी माणूस आहे, साहेब. माझ्या ऑफिसप्रमुख इथेच आहेत, त्यांना विचारा."

मिसेस हॉल्ट, बावीस वर्षांत ज्यांनी एक फॉर्म खोटा भरला नव्हता, स्पीकरकडे वाकून म्हणाल्या, "अत्यंत आळशी. आम्ही हैराण आहोत."

प्रोफेसर खिडकीशी उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

अध्यक्षांनी आभार मानून फोन ठेवला. पुढचा पाऊण तास आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. मी टेबलाच्या कडेचा रंग नखानं खरवडत होतो आणि मिसेस हॉल्टना दिसत असून त्यांनी मला हटकलं नाही. नऊला पुन्हा फोन वाजला. खुलासा मान्य. उमेदवारानं येत्या बुधवारी समितीसमोर स्वतः हजर व्हावं.

मी उडी मारली. खरोखरची. मिसेस हॉल्टना मिठी मारायला गेलो आणि त्यांनी पेन्सिल पुढे धरली. प्रोफेसर माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "थँक यू, मिस्टर चौधरी." चमच्यातल्या च-नं. हात बर्फासारखा गार होता.

व्याख्यान रद्द झालं. रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून शिकागोच्या विमानतळावर सोडलं. पुढचं थोडक्यात सांगतो. ते रेक्टर झाले आणि चांगले झाले, असं तिकडून येणारे पाहुणे सांगायचे. निकाल वेळेवर लागायचे, भांडणं मिटायची, पेन्शनची प्रकरणं सुटायची. लेखनिकांवरचं मोठं पुस्तक, ज्याची निम्मी टिपणं त्यांनी आमच्या लायब्ररीत काढली होती, ते काही झालं नाही. फाइलींवर सह्या करणाऱ्याला दुसऱ्याच्या सह्या वाचायला वेळ कुठला! कार्यकाळ संपायच्या आत ते आजारी पडले, आणि मग थेट ते गेल्याची बातमीच आली.

मी मात्र त्या रविवारी भलताच फुगलो होतो. गाडीत दीडशे मैल मी माझीच गोष्ट त्यांना चार वेळा सांगितली: बाई काय म्हणाल्या, मी कसं म्हणालो, तो कोरडा माणूस कसा गप्प झाला. ते ऐकत होते. गेटपाशी बोर्डिंग सुरू झालं तेव्हा त्यांनी बॅग खाली ठेवली.

"तुम्ही उत्तम खोटं बोललात," ते म्हणाले. "थोडं कमी उत्तम बोलला असतात तरी चाललं असतं."

मला वाटलं थट्टा. "म्हणजे?"

"त्यांनी विश्वास ठेवला नसता तर मला परत जाता आलं नसतं. मग इथेच राहावं लागलं असतं. तुमच्या लायब्ररीत एक टेबल होतं, खिडकीपाशी. पुस्तक झालं असतं."

"पण तुम्हीच तर म्हणालात, तळघर, दहा वर्षं… मग तुम्ही त्या खोलीत मला थांबवलं का नाही? एक शब्द बोलायचा होता!"

"मीही स्वतःला तेच विचारतोय," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो. मला वाटलं, मी बोलेन."

मागून लोक पुढे सरकत होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. राहा म्हणायला हवं होतं, कागद मी बघतो म्हणायला हवं होतं. एवढंच तर माझं काम होतं, माणसांना राहायचे कागद करून देणं. मी त्यांची बॅग उचलली आणि त्यांच्या हातात दिली.